दाराला टेकवलेलं वल्हं

९ मार्च, सोमवार

अक्षर नाचतंय, कारण बस नाचतेय. पॅर्नू यायला अजून तासभर आहे.

निघाले एकदाची बेटावरून! सकाळी शेजारच्या काल्योच्या गाडीतून बर्फावरून आले. गाडीची दारं अर्धी उघडी, पट्टे सोडलेले, म्हणजे बुडालोच तर उडी मारायला मोकळे. काल्यो अख्ख्या वाटेत एकदाच बोलला. मध्यावर बर्फ असा काही कण्हला, की मी खिडकीची कड गच्च धरली. तर म्हणतो, "घाबरू नकोस पोरी. कण्हतोय म्हणजे जिवंत आहे. गप्प बसला की घाबर."

मला सोडून काल्यो लगेच परत फिरला. दुपारी बर्फावरचा रस्ता बंद केला म्हणे. आमच्यामागून चार-पाच गाड्या निघाल्या, त्या शेवटच्या. आता दोन-तीन आठवडे कुरेलाइडला, आमच्या बेटावर, जायला वाटच नाही. बर्फ गाडी पेलणार नाही आणि होडीला वाट देणार नाही. दरवर्षीचंच आहे.

साल्मे-मेम्म, म्हणजे जिच्या घरी मी राहते ती साल्मे आजी, झोपली होती. उठवलं नाही. उठवलं असतं तर आधी कॉफी, मग काळ्या पावाचं गाठोडं, मग लोकरीचे मोजे घातलेस का, दाखव. आणि काल्यो कधी भोंगा वाजवत नाही. नुसता वाट बघत बसून राहतो. ते जास्त वाईट! पाय न वाजवता बाहेर पडले.

घाईत हत्यारांची गुंडाळी खुंटीवरच राहिली. रंधा, पटाशा, सगळं. उद्या शाळेत काय तोंड दाखवू?

पुढच्या सीटवरच्या बाईच्या पिशवीत एक कोंबडी आहे. जिवंत. तिकीट काढलं असेल का तिचं?

१० मार्च

होड्या बांधायच्या शाळेत आमचे मास्तर राइन सगळ्यांसमोर म्हणाले, "सुतार आला, हात घरी विसरून आला." आठजणं हसली. मीपण हसले, करते काय. उसन्या रंध्याने दिवसभर एकच फळी तासली. तीही वाकडी.

मेम्मला फोन लावला. गुंडाळी स्वयंपाकघरात ठेव, बाहेरच्या पडवीत गंज चढेल, एवढंच सांगायचं होतं. फोन बंद. तिचा फोन नेहमीच खणात, सुया-दोऱ्यांत झोपलेला असतो. काही नवीन नाही.

मग बाबांचा फोन. "भूगोल सोडलास, त्यानंतरचं ते काय होतं ते सोडलंस, आता होड्या! अगं होड्या तर वेंगुर्ल्यातही होत्या." खरं आहे. चार वर्षांपूर्वी पदवी घ्यायला आले या देशात आणि अजून नुसती हिंडतेच आहे. पण शनिवारी मेम्मकडे जायचं, लाकडं फोडायची, पाणी भरायचं, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायची आणि बदल्यात माडीवरची खोली, एवढं एकच मी सलग तीन वर्षं केलंय. हे बाबांना कसं सांगायचं? पदवी थोडीच मिळते त्याची.

११ मार्च

काल्योला फोन केला. म्हटलं, जाता-येता मेम्मला गुंडाळीचं सांग.

"साल्मे घरी नाही."

"कुठे गेली?"

"मला काय माहीत. दाराला काठी आहे. सोमवारपासनं आहे. शेवटच्या गाड्यांतून कुणाबरोबर तरी गेली असेल पलीकडे. दात दुखत होता ना तिचा?"

दात दुखत होता खरा. बरं म्हटलं. मग गंमत म्हणून विचारलं, "काठी की खराटा?"

"कसला खराटा! ते मोडकं वल्हं लावलंय. म्हातारीला खराटासुद्धा सापडला नाही वाटतं."

मी हसले. फोन ठेवला. खानावळीच्या रांगेत उभी राहिले. ताटलीत बटाटे पडले, त्यावर सॉस पडला आणि तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला.

वल्हं मी लावलं.

आमच्या बेटावर कुलूप नाही. घराबाहेर पडताना दाराला बाहेरून खराटा टेकवायचा. आत कुणी नाही, नंतर या, असा त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी मी एका घरात काठी असतानाही डोकावले होते. किती बोलली मेम्म! "दाराला काठी असताना आत जाणं म्हणजे माणूस झोपलेला असताना त्याच्या खिशात हात घालणं." तेव्हापासून हात असा वळला की बाहेर पडले की काठी. सोमवारी खराटा सौनाच्या खोलीत होता. पडवीत अर्धं मोडलेलं वल्हं पडलेलं दिसलं, उचललं, टेकवलं. डोक्याने नाही, हाताने केलं ते. आणि मेम्म आत झोपलेली!

दार आत उघडतं. कुणी आतून उघडलं असतं तर वल्हं पडलं असतं. ते अजून तिथेच आहे, म्हणजे सोमवारपासून त्या दारातून कुणी बाहेर आलेलं नाही.

बटाटे तसेच टाकले.

१२ मार्च

काल्योला सगळं सांगितलं. अगदी हळूहळू, शब्द जुळवून. तो ऐकत राहिला. मग चक्क हसला.

"आत माणूस असताना काठी कोण लावतं?"

"मी लावली! चुकून!"

"चुकून बूट उलटा घालतात. काठी चुकून लावत नाहीत. माझा नातू तीन वर्षांचा आहे, तोही लावणार नाही."

"काल्यो, धुराडं बघ. धूर येतोय का?"

"गार आहे. तेच तर सांगतोय तुला, ती घरात नाही. घरात असून चूल न पेटवायला ती काय वेडी आहे?"

मला गार धुराड्याचा दुसराच अर्थ दिसतोय. माडीचा जिना. तिचा डावा गुडघा. तो पाय घसरायला किती वेळ लागतो?

"मग खिडकीतून तरी बघ."

मग म्हणाला, "खिडकीतून चोर बघतात." आणि ठेवला.

वसतिगृहाच्या खोलीतली केतो (जॉर्जियाची आहे, हिच्याकडे सगळ्यावर अक्रोड आणि उपाय) म्हणाली, "पोलिसांना सांग." सांगितलं. आणीबाणीच्या नंबरवरची बाई चांगली होती. नीट ऐकलं. म्हणाली, धुक्यात हेलिकॉप्टर उठणार नाही. पण बेटावर माणसं आहेत ना? शेजाऱ्याला आत जाऊन बघायला सांगा आणि आम्हाला कळवा, धुकं हटलं की निघू. शेजाऱ्याला! अहो तेच तर! बेटावर काठी कुणीच ओलांडत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

शाळेला दांडी. पहाटेच्या बसने बेटासमोरच्या बंदरावर आले. का आले? इथून काय करणार होते? बसवत नव्हतं म्हणून आले.

बंदरावर माणूस एकटाच, टीट. होड्यांच्या दोऱ्या सांभाळतो. समोर धुकं असं, की धक्क्याचं टोकही दिसत नाही. त्याला म्हटलं, चालत गेले तर? त्याने काही न बोलता मोठा लोखंडी गज उचलला आणि काठाजवळच्या बर्फावर सोडला. गज असा आत गेला जसा लोण्यात सुरी. वर आला तो पाणी घेऊन.

"बघितलंस?"

"हो."

"आता परत विचारू नकोस."

मग त्याच्या खोलीत नेऊन तळलेले मासे दिले, काळ्या पावावर ठेवून. मी दोन घास खाल्ले आणि रडायला लागले. टीटने रेडिओचा आवाज वाढवला. इथली माणसं अशी दया करतात. तुमच्याकडे बघत नाहीत.

भिंतीवर जुन्या जहाजाचं चित्र होतं. शिडं मोजत बसले कितीतरी वेळ. मन कुठेतरी टांगायला पाहिजे ना. मग आठवलं, गेल्या वर्षी अशीच एकदा न सांगता रीगाला निघून गेले होते, कुणीतरी गाडीत जागा आहे म्हणालं म्हणून. चार दिवसांनी परत आले तर मेम्मने काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "माडीवरची गादी रोज उन्हात घालत होते. माणूस नसलं की गादी रुसते."

काल्योला पाचदा फोन. दोनदा उचलला. दुसऱ्यांदा म्हणाला, "दाराशी जाऊन आलो पोरी. पडवीत उभा राहून हाका मारल्या. काही नाही." आवाज जरा बदललेला वाटला.

"मग आत जा ना!"

"माझ्या आज्याने काठी ओलांडली नाही, बापाने नाही. लढाईच्या वर्षांत शिपाई आले, त्यांनी ओलांडली. फक्त त्यांनी."



१४ मार्च, शनिवार

रात्र टीटच्या बाकड्यावर काढली. सकाळी मेम्मच्या मुलीचा नंबर मिळाला. मारेत. फिनलंडला असते, तिथे वृद्धाश्रमात काम करते. एकदाच भेटलेय मी तिला, तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत होती जशी मी तिच्या आईच्या कपाटातला कोट घालून उभी आहे.

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काठी आहे ना? मग ती गेली असेल कुणाकडे. माझ्या आईने आयुष्यात एकदाही खोटी काठी लावलेली नाही."

"तिने नाही, मी लावली."

"तू." त्या एका शब्दात किती काय होतं! "मी तिला शंभरदा सांगितलं, इकडे ये, इथे डॉक्टर आहे, लिफ्ट आहे. तर म्हणे घरात पोर आहे माझ्या सोबतीला. हीच का ती सोबत?"

ऐकून घेतलं. हक्क होता तिचा. मग ती पण रडली आणि म्हणाली, काल्योला सांग, मी म्हणतेय आत जा. मुलगी म्हणतेय.

लगेच काल्योला लावला. मारेतचा निरोप दिला. वाटलं, सुटलं कोडं.

"मारेत तिथे राहत नाही," काल्यो म्हणाला. "वीस वर्षं झाली जाऊन. काठी काढायची परवानगी घरात राहणारं माणूसच देऊ शकतं."

मी ओरडलेच. "मग कोण राहतं रे त्या घरात?"

"साल्मे राहते." थांबला. नाक ओढल्याचा आवाज आला. मग हळूच, जशी त्याला स्वतःलाच ही गोष्ट आत्ता सापडली, "आणि तू राहतेस."



"मग मी सांगते," मी म्हटलं. "काल्यो, मी सांगतेय. माझ्या घराच्या दाराची काठी काढ आणि आत जा."

"फोन चालू ठेव," म्हणाला.

मग मी ऐकत राहिले. त्याचे बूट, ओल्या बर्फात. श्वास. कुंपणाचं फाटक, ते कुईऽ करतं, माझंच तेल घालायचं राहिलेलं. पडवीच्या फळ्या. थांबला. टोपी काढली असणार, मला माहितेय तो टोपी काढतो. वल्हं उचलल्याचा आवाज, लाकडावर लाकूड. मग दार. मग काहीच नाही. काहीच नाही! मी टीटच्या टेबलाची कड धरलेली. माझ्या ओठांवर कुठलं तरी स्तोत्र होतं, लहानपणचं, अर्धवट पाठ असलेलं, तेवढंच पुन्हा पुन्हा.

आणि मग आतून, खणखणीत, "दाराला काठी दिसली नाही का रे, आंधळ्या?"

काहीतरी धाडकन पडलं. फोन असणार. बंद झाला.

मी टीटला मिठी मारली. त्याने रेडिओ वाढवला.

१५ मार्च, रविवार

धुकं गेलं! कडाक्याची थंडी, आभाळ धुतल्यासारखं निळं. बसने परत पॅर्नूला आले. संध्याकाळी मेम्मचा फोन. स्वतःहून! खणातून काढून चार्ज केला म्हणे खास.

"पोरी, तू मला जिवंतपणी घराबाहेर काढलंस."

मी माफी मागायला लागले. तिने गप्प केलं.

सोमवारी उठली, खिडकीतून बघते तर काचेच्या कडेला वल्ह्याचं टोक. आधी हसली. मग मागच्या दाराने, गोठ्यातून, लाकडं आणायला निघाली आणि अर्ध्यातून परत फिरली. मनात आलं, राहू दे ती काठी.

"सगळं आयुष्य इथेच गेलं. कुणी ना कुणी दार वाजवतंच. मारेत म्हणते फिनलंडला चल. म्हटलं, बघावं तरी, मी नसताना इथे कसं वाटतं ते. गेल्यावर थोडंच बघायला मिळतं कुणाला?"

धूर दिसू नये म्हणून चूल पेटवली नाही. मारेतने पाठवलेला विजेचा हीटर, ज्याला ती 'तो भिकारी' म्हणते, सारखी वीज मागतो म्हणून, तो पहिल्यांदा खोक्यातून काढला. थंड कालवण खाल्लं. पडदे ओढून बसली. इतकी माणसं तिच्यासाठी हलकल्लोळ करतायत हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मग कसं वाटलं?"

"पहिल्या दिवशी बरं. दुसऱ्या दिवशी राग आला, कुणी रडत कसं नाही! मग काल्यो यायला लागला. दाराशी उभा राहायचा. त्याला वाटलं आत कुणी नाही, तर वल्ह्याशी बोलायचा."

"काय बोलायचा?"

"ते वल्ह्याला विचार."

पण आवाज असा होता तिचा, जशी सौनातून आत्ता न्हाऊन आलेली. त्र्याहत्तर वर्षांची बाई! मी विचारलं, मग दार उघडलं का नाहीस? तर म्हणे, "वेडी की काय. मध्येच दार उघडलं असतं तर पुढचं बोलला असता का?"

मग फोन काल्योने घेतला. तिथेच होता, कॉफी पीत. अजून घुश्शात.

"पाच दिवस मूर्ख बनवलं मला दोघींनी. एक बाहेरून खोटी काठी लावते, एक आतून खरी करते. आता मी माझ्या दाराला काठी लावणार नाही. संपलं. काठीवर विश्वासच उरला नाही."

"असं कसं काल्यो?"

"असंच. दार नुसतं ओढून घेणार. आत आहे की नाही, ज्याला बघायचं त्याने बघावं." मागून मेम्म काहीतरी म्हणाली, तो हसला. "आणि ऐक, तुझी गुंडाळी घरात आणून ठेवली. थंडी टिकली तर उद्या बर्फाखालची जाळी काढून घेतो. नाहीतर बर्फ फुटताना जातील सगळी. येशील तेव्हा मासे खायला घालतो. राग गेलेला असेल तोवर."

आज चार रात्रींनी झोपेन.

१६ मार्च

उसना रंधा हातात नीट बसला. राइन मास्तर काही बोलले नाहीत. म्हणजे बरं जमलं!

१८ मार्च, बुधवार

दुपारी मेम्मचा फोन.

काल्यो सोमवारी सकाळपासून दिसलेला नाही. कुणी शोधलंही नाही. दाराला काठी नव्हती, म्हणून सगळे समजले आत आहे, घुश्शात आहे, येईल बाहेर. आज मेम्म रागावून आत गेली. कॉफीचा पेला अर्धा. चूल गार. पायाने रेटत बर्फावरून न्यायची त्याची घसरगाडी जागेवर नाही. जाळ्यांच्या बाजूला पाणी मोकळं झालंय.

बेटावरची माणसं गज घेऊन काठाकाठाने निघालीत. हेलिकॉप्टर येतंय.

"आत्ता बेटावरून कुणी कुठे जाऊ शकत नाही, पोरी," मेम्म म्हणाली. "काठी असती तर बाहेर गेलाय हे कळलं असतं, सोमवारी संध्याकाळीच निघालो असतो शोधायला."

मग तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.